बस्त्यावमामांनी न पाहिलेलं गाणं

उत्तनहून फोन आला की मी सवयीने विचारतो, "कुठलं चॅनेल दिसत नाही?" त्या सकाळी पलीकडून बस्त्यावमामांच्या गल्लीतला एक मुलगा बोलत होता. म्हणाला, "चॅनेल न्हाय रे दादा... बस्त्यावमामा गेला." महिना उलटला, ते शब्द अजून कानात आहेत.

भाईंदरच्या गोडदेवला माझा केबलचा धंदा. समुद्रकाठच्या उत्तनपर्यंत लाइन नेली तेव्हा ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारं लाल दिव्याचं यंत्र, ठेवायला कुणी जागा देईना. बस्त्यावमामा नुकतेच होडीवरून आलेले, अंगाला बोंबलाचा वास. म्हणाले, "लाव माज्या ओसरीवर. लाइट बी माजीच घे. त्यो एवढासा दिवा काय खातोय?" तेव्हापासून अख्ख्या गल्लीचा टीव्ही त्यांच्या विजेवर चालला. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी रेजिना युरोपात, माल्टा बेटावर, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. घरात उरले मामा आणि माझा तो लाल दिवा.

रेजिना तिथल्या चर्चमध्ये गायची. एका मे महिन्यात तिचा मामांना फोन आला. युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा टीव्हीवर होणार होती आणि माल्टाच्या गायिकेमागे, कोरसमध्ये, ती उभी राहणार होती. मामा थेट माझ्या ऑफिसात. "आपल्या मीरा-भायंदरएवढी बी मानसं न्हाय त्या देशात, आन् गान्याला हुबा ऱ्हातो बघ! पन नियम कसला, तर सोताच्या देशाला मत द्याचं न्हाय. शेजाऱ्यांनी द्याचं." मग म्हणाले, "बेटाला कोन शेजारी रे?" मी हसत म्हटलं, "मी आहे ना, मामा."

एक स्पॅनिश चॅनेल ती स्पर्धा दाखवायचं, पण दुसऱ्या उपग्रहावरून. त्यासाठी गच्चीवरची मोठी डिश वळवावी लागणार होती. कॅसेटवर घेऊन ठेवतो, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की या, असं मी कबूल केलं. नेमकी त्याच वेळी वेस्ट इंडीजमध्ये भारताची मॅच. डिश वळवली असती तर मॅच गेली असती आणि गिऱ्हाइकं दुसऱ्या केबलवाल्याकडे. मी पाना घेऊन गच्चीवर गेलो... आणि खाली येऊन मॅच बघत बसलो. खरं एवढंच आहे.

रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, केसांना तेल लावून. मी म्हटलं, "सिग्नलच आला नाही, मामा. खूप खटपट केली." त्यांनी टेबलावरच्या कोऱ्या कॅसेटकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "ऱ्हाऊ दे. तू तरी काय करशील?" पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र त्यांच्या ओसरीवर जायचं टाळू लागलो, दुरुस्तीला माणूस पाठवायचो.

रेजिना मातीला आली. कागदपत्रांच्या भानगडीत इतकी वर्षं तिला येता आलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाली, "थँक्यू, अंकल. तुम्ही दाखवलंत म्हणून पप्पांनी मला गाताना पाहिलं." मला काही उमजेना. "फोनवर किती खूश होते! पांढऱ्या फ्रॉकमध्ये शोभत होतीस, म्हणाले. आम्ही तर सगळ्या काळ्या कपड्यांत होतो, मागे अंधारात... तुमच्या टीव्हीचे रंग गेले होते का?" तिच्या मागच्या भिंतीवर तिचा लहानपणीचा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा फोटो होता. पांढरा फ्रॉक, हातात मेणबत्ती. मी म्हणालो, "हो... जुना टीव्ही होता."

मामांनी तिला तसं का सांगितलं, माझं खोटं झाकायला, तिला बरं वाटावं म्हणून, की फोटोकडे बघत बघत त्यांना खरंच काही दिसलं होतं... मला आता कुणाला विचारता येणार नाही. हे छापून आलं की पान रेजिनाला पाठवणार आहे.

ती परत गेली. जाताना घराला कुलूप लावलं आणि फोन केला, "मेन स्विच चालूच ठेवलाय, अंकल. पप्पांनी बजावून ठेवलेलं, तुमचं मशीन आहे म्हणून." परवा संध्याकाळी मी ते काढून आणायला गेलो. खिडक्या बंद, आत काळोख, ओसरीवर तेवढा लाल दिवा. शेजारच्या घरांतून सीरियलचे आवाज येत होते. पाना खिशात होता. यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवला... कोमट होता. मी तसाच परत आलो.