बंद दारासमोर म्हटलेलं गाणं

१९ डिसेंबर, शुक्रवार. शंकरपाळे तळायचे राहिले होते. पहिली पाळी करून घरी आले, पीठ मळून झाकून ठेवलं आणि फोन पालथा घालून फडताळावर ठेवला. नाताळ आठवड्यावर आला होता आणि आमच्या दारावर अजून चांदणी लागली नव्हती. ती खोक्यातच होती. चांदणी लावली की संध्याकाळी दारात उजेड पडतो आणि घरात माणूस आहे हे रस्त्यावरून कळतं. मला ते कळू द्यायचं नव्हतं.

कर्ज टेम्पोचं होतं. नवऱ्यानं घेतलेलं, सहकर्जदार म्हणून माझी सही. नागापूरच्या कारखान्यांतला माल तो कोल्हारपर्यंत पोचवायचा. तो वारला, हप्ते थांबले, फायनान्स कंपनीनं टेम्पो ओढून नेऊन विकला. मला वाटलं, विषय संपला. टेम्पो विकूनही बाकी उरते आणि व्याजासकट वाढत राहते, हे मला काही वर्षांनी कळलं, एका वसुली एजन्सीचा फोन आला तेव्हा.

मी फेडायला तयार होते. हे सांगायला हवं, कारण घाबरतो तो बुडवणारा असं लोक धरून चालतात. एजन्सीशी घासाघीस होऊन एक आकडा ठरला होता. डिसेंबरची भिशी मला लागली, त्यात घरातलं थोडं घातलं आणि तेवढी रक्कम खात्यात जमली. पुन्हा एकरकमी तेवढं जमायला दोन वर्षं तरी गेली असती. ते पैसे चुकीच्या हातात पडले असते, तर कर्ज तसंच राहिलं असतं आणि मी रिकामी.

एजन्सीचा माणूस सुरुवातीला गोड बोलायचा. मग त्यानं माझ्या सुपरवायझरला फोन केला. पॅकिंगला बसलेल्या सगळ्या बायकांसमोर सुपरवायझरनं फोन माझ्या हातात दिला. तेव्हापासून कुणाचाही फोन वाजला तरी मी आधी सुपरवायझरकडे बघायचे. गुरुवारी तो म्हणाला, "निळं गेट ना तुमचं? समोर पिठाची गिरणी?" मी त्याला घराबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी पहिला घाणा तेलात सोडला आणि त्याचा फोन आला.

"मॅडम, सातपर्यंत टाका. सातनंतर ऑफर जाते, मग पूर्ण बाकी भरावी लागते."

"आधी तडजोडीचं पत्र द्या. कंपनीच्या शिक्क्याचं."

"पत्र पैसे आल्यावर निघतं."

"मग मी कर्जखात्यात भरते."

"ते खातं बंद पडलंय. मी नंबर पाठवलाय, त्यावर टाका. सगळे टाकतात."

"नंबर कुणाचा आहे?"

"विश्वास नाही का, ताई?" मॅडमची ताई झाली होती. "बरं. मग आमची पोरं येतील. ती माझ्यासारखी बोलत नाहीत. चारचौघांत बोलतात. सणाचे दिवस आहेत तुमचे. बघा बुवा."

फोन ठेवेपर्यंत घाणा करपला होता.

"जळल्याचा वास येतोय गं," आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या सगळंच मोठ्यानं बोलतात. कर्जाचं त्यांना माहीत होतं, फोनचं नव्हतं.

"येऊ द्या," मी म्हटलं.

बाहेर अंधार पडला. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि त्याचा नंबर मोबाईलमध्ये घातला. स्क्रीनवर कुणा माणसाचं नाव आलं, कंपनीचं नाही. तरीही मी रक्कम टाकली. दुसऱ्या कुणी असं केलेलं ऐकलं असतं, तर मी तिला मूर्ख म्हटलं असतं. फक्त पिन घालायचा राहिला होता.

तेवढ्यात गेट वाजलं. बरेच पाय आत आले.

मी गॅस बंद केला, दिवा घालवला.

"लाईट गेली व्हय?" सासूबाई.

"हळू बोला."

"आं?"

बाहेर एक पुरुषी आवाज म्हणाला, "आहेत घरात. आत्ता कुणीतरी बोललं."

"वाजव की मग."

दार जोरात वाजलं. पिन घाल, म्हणजे ही माणसं जातील, एवढंच डोक्यात होतं. पहिले दोन आकडे घातलेसुद्धा. आणि दाराबाहेर खंजिरी वाजली. गाणं सुरू झालं.

आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ होता. नाताळच्या आधी ही मुलं घरोघर गाणी म्हणत फिरतात. आमच्या भागाचा दिवस रविवारी उपासनेनंतर सांगितला होता, तो मी साफ विसरले होते. ती आली की दार उघडायचं, दिवा लावायचा, त्यांच्याबरोबर प्रार्थनेला उभं राहायचं आणि फराळ द्यायचा. आजवर आमच्या घरी हे कधी चुकलं नव्हतं.

मी दार उघडलं नाही. वाटलं, अंधारात का बसलो होतो याचं काय सांगू?

"अगं, गाणीवाली हायेत," सासूबाई म्हणाल्या. "दार उघड की."

"थांबा जरा."

"बेथलेहेमातल्या धर्मशाळावाल्यावानी करतीस व्हय? दार लावून बसलीस ती!"

आणि त्या अंधारात बसल्या बसल्या गाण्यावर टाळ्या वाजवायला लागल्या. मोठ्यानं. बाहेर ऐकू जात असणारच. मुलांनी बंद दारासमोर सगळी कडवी म्हटली, "जय ख्रिस्त, काकू!" म्हणाली आणि शेजारी गेली.

मी दिवा लावला. मोबाईलवरचा व्यवहार वेळ संपून आपोआप रद्द झाला होता. पुन्हा नंबर घालावा लागणार होता. मी घातला नाही. धीर आला म्हणून नव्हे. ओळखीच्या मुलांच्या पावलांनी माझी सगळी रक्कम हातातून जवळजवळ सुटली होती, म्हणजे त्या माणसाला कुणाला पाठवायची गरजच नव्हती. एका फोनमध्ये त्याचं काम झालं होतं. हे लक्षात आलं आणि मी आणखीच घाबरले, पण आता माझी मलाच भीती वाटत होती.

सातला फोन वाजायला लागला. वाजू दिला. उरलेले शंकरपाळे तळले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आन् मला येड्यावानी टाळ्या वाजवू दिल्यास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढून चांदणी लावली. तरुण संघाच्या मुलाला फोन केला. "काकू, काल घरात होता ना तुम्ही? टाळ्या ऐकल्या." त्यानं विचारलं. "होतो. आज परत या. फराळ राहिलाय," म्हटलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कर्जाचे कागद आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला घेतला आणि फायनान्स कंपनीच्या नगरच्या ऑफिसात गेले.

खिडकीवरच्या मुलीला तो नंबर दाखवला. तिनं तपासलं. एजन्सी त्यांचीच होती, नंबर त्यांचा नव्हता. कर्जखातं चालू होतं.

"तडजोडीचं पत्र सोमवारी मिळेल," ती म्हणाली.

"मी इथंच बसते."

"वेळ लागेल, मॅडम."

"लागू दे."

थोड्या वेळानं फोन वाजला. मी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"पोरं निघालीत तुमच्याकडं," तो म्हणाला.

"इकडंच पाठवा. मी तुमच्या कंपनीच्या ऑफिसात बसलेय."

फोन कट झाला. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि आत साहेबांकडे गेली. मी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिले.

पत्र दुपार व्हायच्या आत मिळालं. माझं नाव, खातं, आकडा आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द वाचले, मग कर्जखात्यात पैसे भरले. पावती घेतली आणि रजा संपायच्या आत कामावर हजर झाले.