ड्रम शेकला तो रविवार

पूर्णा स्टेशनवर मला पोचवायला अर्धी गल्ली आली होती, आणि मी मनातल्या मनात एवढंच म्हणत होतो की लहू येऊ नये. तो आला. रेल्वेच्या शेडमध्ये रोजंदारीवर लागला होता, तिथून तसाच, हाताला काळं तेल. मी पुण्याला डिप्लोमासाठी निघालो होतो. माझे वडील, आप्पा, सांगत होते, "बसू, तिकडं कुणाच्या नादी लागू नको." लहू खिडकीशी येऊन म्हणाला, "पत्र टाक बरं का." मी हो म्हणालो आणि कधी टाकलं नाही.

पुण्याहून पुढे टोरांटो. इथे शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी कधीमधी एखाद्या बारच्या बेसमेंटमध्ये रॉक ऐकायला जातो. ऑनलाइन तिकीट, मनगटावर शिक्का, कानात इअरप्लग. मुलगी हसते, "बाबा, तुझ्या वयाचं कुणी नसतं तिथे." नसेना का. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या गल्लीत धड टीव्हीसुद्धा नव्हता.

स्टॅनली हा रेल्वे कॉलनीतल्या गार्डसाहेबांचा मुलगा. त्याने सिकंदराबादहून गिटार आणलेली. मालधक्क्याजवळच्या रिकाम्या गोदामात रविवारी दुपारी तो, त्याचा भाऊ आणि कॉलनीतलाच एक ड्रमवाला पोरगा वाजवत, तेही चोरून. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. वेगवेगळ्या वस्त्यांतली चार पोरं एकत्र दिसली तरी माणसं टवकारून बघत. आमच्या दुकानातलं सुटाचं कापड पोचवायला मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो मला तिथे घेऊन गेला. रेडिओवरचं गाणं लांबून येतं. हे थेट बरगड्यांत वाजलं. दोन दिवस कानाला दडे बसले होते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यांच्या ड्रमवाल्याच्या वडिलांची बदली झाली, तेव्हा स्टॅनलीने मला विचारलं. मठात चार वर्षं तबला शिकलेलो मी. ती जागा माझीच असं धरून चाललो. सोबत म्हणून लहूला नेलं. लहू माझ्या वर्गातला, मातंग वस्तीतला. त्याचे वडील लग्नांत हलगी वाजवत. मी मात्रा मोजत बसलो आणि गिटार पुढे निघून गेली. ड्रमच बरोबर नाही, म्हणालो. नाचता येईना अंगण वाकडं! मग लहूने काड्या उचलल्या. त्याने काही मोजलं नाही. स्टॅनली वाजवता वाजवता हसायला लागला, आणि तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

दोन महिने मी कोपऱ्यात पोत्यावर बसून ऐकलं. लहू वाईट वाजवत असता तर मी त्याच्यावर जीव टाकला असता. तो ड्रम जुना, कातड्याचा. थंडीत ढिला पडायचा, म्हणून लहू हलगी शेकतात तसा तो कोळशाच्या शेगडीवर शेकून घ्यायचा.

नाताळच्या आठवड्यात कॉलनीतली पोरंपोरी ऐकायला येणार होती. जुन्या ड्रमचं कातडं फाटलं होतं, म्हणून स्टॅनलीने मागवलेला नवा ड्रम त्या रविवारी सकाळी पार्सलने आला. उतरवून घ्यायला मी होतो. स्टॅनली खुशीत म्हणाला, "प्लॅस्टिक है बसू, इसकू सेकना नै पडता." दुपारी तो पोरांना आणायला गेला असताना लहू आला. नव्या ड्रमवर दोन टिचक्या मारल्या, हात फिरवला.

"येगळाच वाजायलाय. शेकू का रे?"

"शेक की," मी म्हणालो.

पडदा आधी सुरकुतला, मग मधोमध भोक पडलं आणि घाण वास सुटला. स्टॅनली धावत आला. "किसने बोला तेरेकू?" लहूने एकदा माझ्याकडे पाहिलं. "कुणी न्हाई. माझीच अक्कल." आणि बाहेर निघून गेला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जागा रिकामी झाली होती.

अर्ध्या तासाने तो वडिलांची हलगी घेऊन परत आला. त्याच शेगडीवर शेकली, गळ्यात अडकवली आणि गिटारच्या शेजारी उभा राहिला. त्यानंतर मी खूप ऐकलं, मोठमोठी स्टेडियम पाहिली. तसं पुन्हा ऐकलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या.

गेल्या वर्षी आप्पा गेले, तेव्हा पूर्णेला गेलो होतो. लहू भेटायला आला. रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालेला, केस पिकलेले. चहा येईपर्यंत मी कसाबसा धीर केला आणि सांगून टाकलं, की तो ड्रम प्लॅस्टिकचा आहे हे मला ठाऊक होतं.

"मलाबी कळलं व्हतं," लहू म्हणाला. "कातडं हाय का न्हाई ते हाताला कळतंय की. हात नको म्हणायलता. पण तू म्हणलास शेक. म्हणलं, बसूला ठावं असंल."

त्याने चहा घेतला, आईची चौकशी केली आणि गेला.

मला त्याचा अजूनही हेवा वाटतो; पण आता वाजवण्याचा नाही. कुणावर इतका भरवसा टाकणं मला कधी जमलं नाही, ना पुण्यात, ना इथे. टोरांटोत घर आहे, माझ्या सहीवर माणसं कामं करतात. पण माझ्या एका शब्दाखातर स्वतःच्या हाताचं न ऐकणारा माणूस जगात एकाच गावात राहतो. कुणी गाव विचारलं की मी पूर्णा सांगतो, आणि सांगताना मान खाली जाते.