पाच वर्षांचं गिरमिट

सरलाबाई आवटींनी नोकरीत हजारभर सह्या तरी केल्या असतील. त्यातली एक सही त्यांना बावीस वर्षांनी चावली. आणि तीही कुठे, तर हॉलंडमधल्या झूटरमेरला, मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, चहाचा कप हातात असताना.

आल्या होत्या सहा आठवड्यांसाठी. मार्च २०२० मध्ये विमानं थांबली आणि सहा आठवड्यांचे चार महिने झाले. मुलगा प्रतीक झोपायच्या खोलीतून ऑफिस चालवत होता, सून ऋजुता जेवणाच्या टेबलावरून. घरात मोकळेपणानं खोकायची सोय नव्हती. एक तर कुणाची तरी मीटिंग चालू असायची, आणि दुसरं म्हणजे दिवसच तसे होते. बाईंनी पहिल्या महिन्यात कुरकुरणारी दारं गप्प केली, दुसऱ्यात डुगडुगणाऱ्या खुर्च्या बसवल्या, आणि घरात मोडकं असं काही उरलं नाही तेव्हा नाइलाजानं ऋजुताच्या टॅबवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली.

बाई म्हणजे सांगलीकडच्या एका सरकारी आयटीआयमधल्या सुतारकामाच्या निवृत्त निदेशक. नेमणुकीच्या पहिल्या दिवशी शिपायानं काही न विचारता त्यांना शिवणकामाच्या वर्गात नेऊन बसवलं होतं. एकतीस वर्षांनी त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पार दुबईपर्यंत दारं बसवत होती.

तर त्या व्हिडिओत एक दाढीवाला अमेरिकन म्हातारा मिलर्स फॉल्स कंपनीचं गिरमिट साफ करत होता. लाकडाला भोक पाडायचं ते जुनं हत्यार: वरचा लाकडी गोळा छातीनं दाबायचा, मधला वाकडा दांडा हातानं फिरवायचा आणि खालच्या चकमध्ये पातं अडकवायचं. कंपनी केव्हाच बंद पडलेली. असंच एक गिरमिट बाईंच्या वर्कशॉपमध्ये होतं, अमेरिकन मदतीच्या पेटीतून आलेलं. १९९८ साली विजेची ड्रिल मशिनं आली, जुनं सामान भंगारात काढायचं ठरलं आणि ते गिरमिट बाईंच्या टेबलावर आलं. चक नुसता गरगर फिरत होता, उघडत नव्हता. नव्या मशिनचे खोके दारात येऊन पडले होते, बाईंना ते उघडायची घाई होती. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘दुरुस्तीपलीकडे’, आणि खाली सही ठोकली.

व्हिडिओतल्या गिरमिटाचा चकही तसाच गरगर फिरत होता. म्हाताऱ्यानं काय केलं? चकच्या मागची एक कडी वाळक्या तेलानं चिकटून एका बाजूला अडकली होती. ती त्यानं गरम पाण्यानं आणि चार थेंब तेलानं सैल केली, मधोमध आणली, तसं चकचं गरगरणं थांबलं. चक सुटला. खेळ खलास!

“अगं बाई,” सरलाबाई कपाकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे ते चांगलं होतं.”

लाज वाटली. कडी फिरते हे त्यांना ठाऊक होतं, पोरांना शिकवलंही होतं. त्या दिवशी ती फिरली नाही आणि त्यांनी जोर लावून बघितला नाही, एवढंच. पण बाईंना लाज धरून बसायची सवय नव्हती. पाच मिनिटांत त्या उठल्या, पदर खोचला आणि सुनेच्या मीटिंगची पर्वा न करता जाहीर केलं, “ऋजुता, मला गिरमिट पाहिजे!”

ऋजुताचं आजोळ बेळगावचं. तिनं संध्याकाळी चुरमुरे, कांदा, टोमॅटो, चिंचेचा कोळ कालवून त्यावर शेव भुरभुरवली आणि मोठ्या प्रेमानं वाटी पुढे केली. तिकडे त्यालाच गिरमिट म्हणतात. बाईंनी वाटी रिकामी केली आणि मग हवेत छाती दाबून, हात गरागरा फिरवून दाखवला.

त्या दिवसापासून घराला वेड लागलं. मार्क्टप्लाट्स म्हणजे इथला जुन्या वस्तूंचा इंटरनेटवरचा बाजार, आणि लॉकडाऊनमध्ये अख्खा देश माळे उपसायला बसलेला! विकणाऱ्यांना काय विकतोय त्याचा पत्ता नसायचा. धुरकट फोटोतल्या गंजक्या ढिगावर बोट ठेवून बाई ओरडायच्या, “ही बघ, डिसस्टनची करवत! मुठीवरचं कोरीवकाम बघ, असं आता कुणी करतं का? मोठा कर गं फोटो! आणि हा नॉर्थ ब्रदर्सचा यांकी पेचकस, दाबला की आपोआप फिरणारा!” गंज दिसला म्हणून घाबरायचं नाही, खड्डे पडलेत का ते बघायचं, गिरमिटाच्या चकमधले पातं पकडणारे दोन्ही जबडे शाबूत आहेत का ते आधी विचारायचं. ऋजुताला ऑफिसच्या कामापेक्षा हे पाठ झालं. प्रतीक म्हणायचा, “आई, तुझ्यामुळे माझ्या बायकोचं प्रमोशन जाणार.”

मिलर्स फॉल्सचं गिरमिट मात्र सापडेना. तेवढ्यात जूनच्या मध्यावर खास विमानाची जागा मिळाली. गुरुवारी निघायचं. आणि त्याआधीच्या शनिवारी सकाळी ऋजुता किंचाळली.

जाहिरात झूटरमेरमधलीच, रेल्वेच्या पलीकडच्या रोक्केफेनची. ‘जुन्या हत्यारांची पेटी, काही मोडलेली. फुकट, येऊन न्या.’ फोटोत पेटीच्या कोपऱ्यातून एक लाकडी गोळा डोकावत होता आणि त्याखाली वाकडा दांडा. “तेच,” बाई म्हणाल्या.

गाडी सर्व्हिसिंगला गेलेली. ऋजुतानं शेजाऱ्यांची बाकफीट्स मागून आणली. पुढे मुलं बसवायची लाकडी पेटी असलेली ती सायकल. सून पेडलवर, सासूबाई पेटीत साडी आवरून, आणि सायकलरस्त्यावरचे लोक वळून वळून बघताहेत. चौसष्टाव्या वर्षी अशी वरात निघेल असं बाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. “जोरात हाण,” त्या म्हणाल्या, “कुणीतरी आधी पोचेल!”

बागेच्या फाटकात एक सडसडीत म्हातारा उभा होता. जगेसर नाव, वय एक्क्याऐंशी, सुरिनामी हिंदुस्तानी. पंचाहत्तर साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधून इकडे आलेला, हिंदीत भोजपुरी आणि डच कालवून बोलणारा. दीड मीटरच्या अंतरावरून बाईंनी नमस्कार केला आणि सांगलीच्या हिंदीत थेट मुद्द्यावर आल्या, “वो गिरमिट है ना आपके पास, वो देखना है.”

म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. “गिरमिट? हमार आजा के गिरमिट देखे आई हो?”

“हाँ हाँ, आजोबांचं असेल तर फारच चांगलं,” बाई उत्साहानं म्हणाल्या.

तो घरात गेला आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला एक कागद घेऊन आला. तो बागेतल्या टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकला. बाई दोन पावलं पुढे. त्यांना वाटलं, हे वॉरंटी कार्ड. काय माणूस आहे, वॉरंटी कार्डही जपलंय! मग त्यांनी नीट बघितलं. साल १९०९. कलकत्ता ते परामारिबो, म्हणजे सुरिनामचं बंदर. पाच वर्षं मजुरी. आणि खाली सहीच्या जागी अंगठा.

“अ‍ॅग्रीमेंट,” ऋजुता हळूच म्हणाली. “आई, ते त्या मजुरीच्या कराराला गिरमिट म्हणतात.”

“हम लोग कंत्राक बोली,” जगेसर म्हणाला, “लेकिन आजा गिरमिटे बोलत रहा.”

बाई ओशाळल्या. मग दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी छाती दाबून हात गरागरा फिरवला. म्हातारा क्षणभर बघत राहिला आणि असा हसला, असा हसला, की त्याला ठसका लागला, आणि ठसका लागला म्हणून तो घाबरून भिंतीपर्यंत मागे गेला. ऋजुताला हसू आवरेना. मग त्यानं शेडकडे हात केला. पेटी तिथं होती.

काय पेटी होती! गुडेल-प्रॅटचं छोटं ड्रिल, डिसस्टनची करवत, आणि ते. मिलर्स फॉल्स. बाईंनी नाव बोटानं पुसलं आणि मोठ्यानं वाचलं. ही अमेरिकन हत्यारं इथं कशी? जगेसरनं सांगितलं: सुरिनाममध्ये मुंगो गावी अमेरिकनांची बॉक्साइटची खाण होती, तिच्या सुतारशाळेत तो अठराव्या वर्षी लागला. हे गिरमिट त्याचं पहिलं स्वतःचं हत्यार. या देशात आला तेव्हा कपड्यांच्या आधी हे बांधलं होतं. “लेकिन अब कपोत,” तो म्हणाला. म्हणजे डचमध्ये, मोडलं. दहा वर्षं झाली, चक नुसता फिरतो. मुलगी म्हणाली, अडगळ काढून टाक. “ले जाओ.”

बाईंनी चक फिरवला. गरगर. कडी एका बाजूला घट्ट चिकटलेली.

आता फक्त मान हलवायची होती. पेटी उचलायची, सायकलीत ठेवायची. गुरुवारी विमान. ज्याच्यासाठी दोन महिने फोटो डोळ्यांजवळ धरून डोकं दुखवलं ते फुकट, हातात.

“गरम पानी मिलेगा?” त्या म्हणाल्या. “और सिलाई मशीन का तेल?”

“आई,” ऋजुता मराठीत कुजबुजली, “घरी जाऊन करा ना.”

“घरी नेऊन उघडलं तर ती चोरी होईल गं. त्यांना वाटतंय मोडलंय. मला माहीत आहे ना, मोडलेलं नाही ते.”

म्हाताऱ्यानं किटली ठेवली. अर्धा तास बाई टेबलावर वाकून होत्या. फडकं गरम पाण्यात बुडवायचं, कडीवर गुंडाळायचं, तेलाचा थेंब सोडायचा, पुन्हा फडकं. काळपट राळ सुटायला लागली. त्यांनी दोन बोटांनी कडी धरली. हलेना. पुन्हा धरली. आणि टक्! कडी मधोमध येऊन बसली, चक सुटला, दोन्ही जबडे बाहेर आले, चकचकीत, स्प्रिंगसकट!

“उघडलं!” बाई किंचाळल्याच. शेजारच्या बागेतली डच बाई कुंपणावरून बघायला लागली.

जगेसरनं पातं लावलं, एक फळी टेकवली, गोळा छातीशी धरला आणि दांडा फिरवला. कर्र कर्र कर्र. फळीतून लाकडाची गुंडाळी वर येऊ लागली. एक भोक. दुसरं करायला गेला आणि दमून पायरीवर बसला. डोळे पुसले. पण गिरमिट त्यानं पेटीत परत ठेवलं नाही, मांडीवर घेतलं.

बाई समजल्या. आनंद होताच, खोटं कशाला सांगा, पण चुटपुटही होती. स्वतःच्या हातानं त्यांनी ते गमावलं होतं, दुसऱ्यांदा. त्यांनी नमस्कार केला आणि सायकलीकडे वळल्या.

“रुको.”

जगेसर आत जाऊन कोरा कागद आणि पेन घेऊन आला. “घर में रही तो फिर चिपक जाई,” तो म्हणाला. “चलत रही तबे ठीक रही. आजा के गिरमिट पाँच साल के रहा. तोहार भी पाँच साल. जून २०२५ में लौटाओ. हम यहीं रहब.”

बाईंनी मनातल्या मनात एक्क्याऐंशीत पाच मिळवले आणि बेरीज कुणाला सांगितली नाही. “येणार,” त्या म्हणाल्या. “नक्की येणार.”

त्यानं डचमध्ये दोन ओळी लिहिल्या, कागद टेबलावर ठेवला, त्यावर गिरमिट ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकला. बाई दोन पावलं पुढे. त्याच्या ओळींखाली त्यांनी मराठीत आपली एक ओळ घातली: ‘चालू स्थितीत मिळाले.’ मग गिरमिट उचललं, कडी आधी उजवीकडे नेली, मग डावीकडे, मग मधोमध, चक उघडून बघितला, लावून बघितला, आणि मगच सही केली.