भासऱ्यांची पन्हळ

देवाने पाऊस निर्माण केला तो शाळेच्या पन्हळीची परीक्षा घेण्यासाठी, शेतीभातीचा त्याच्याशी काही संबंध नाही, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा भासरा निघाला. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या सासरी धाकट्या सुनेने भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या वाटेत यायचं नाही आणि त्याच्याशी तोंडातोंडी बोलायचं तर मुळीच नाही. घरात हा रिवाज सांभाळता येतो, कारण घराला दारं असतात आणि दारामागे निरोप पोचवायला जाऊ असते. पण लग्नानंतर माझी बदली झाली ती गावातल्याच शाळेत, आणि तिथे हेडमास्तर कोण, तर भासरे. सातवीपर्यंतची शाळा, पत्र्याचं छप्पर, एकच ऑफिस आणि त्या ऑफिसात एकच टेबल. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला पदर सावरून मी, आणि मध्ये चपराशी सुखदेव.

"सुखदेव, बाईले सांग, सातवीच्या खिडक्या लावून घ्या. वारं सुटून राह्यलं." भासरे माझ्यापासून दोन हातांवर बसून बोलत.

सुखदेव माझ्याकडे वळे. "बाई, गुर्जी म्हनते खिडक्या लावा. मले इचाराल तं लावू नका, पोरी उकडून मरतीन."

"गुरुजींना सांगा, लावते."

"गुर्जी, लावते म्हनते. माह्यं कोनी आयकतच नाही."

सरकारी कारभार तिसऱ्या माणसाशिवाय चालत नाही असं म्हणतात, आमचा तर खरोखरच चालत नसे. सुखदेव रजेवर गेला की शाळेतले निर्णय त्याची वाट पाहत पडून राहत, आणि परत आला की तो दारातूनच विचारी, "कोनाचं काय बोलाचं राह्यलं?"

आमचं घर भाजीपाल्याचं. मालेगावच्या बाजारात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन जाणारी माणसं. विहिरीचं पाणी वाफ्यावाफ्यातून नेताना दांड, म्हणजे पाण्याचा पाट, कुठे फुटला हे अंधारातही पायाला कळलं पाहिजे, या शिस्तीत भासरे वाढले. पुढे ते मास्तर झाले, धोतरावर कोट घालू लागले, पण वाहतं पाणी भलतीकडे चाललेलं त्यांना बघवत नसे. कोटाच्या वरच्या खिशाला पेन आणि खालच्या खिशात सराटा. सराटा म्हणजे पोळ्या उलटायचं उलथनं. पन्हळीत साचलेला पाला आणि गाळ खरवडायला त्याच्यासारखं हत्यार नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते बरोबरही होतं, फक्त सराटा माझ्या जाऊबाईंचा असे. "माहे सराटे पन्हळीत, अन् माह्या पोया तव्यावर करपून राह्यल्या," असं त्या करवादत. भासरे शांतपणे म्हणत, "करपलेली पोयी खाता येते. गयकी शाळा काय कामाची?"

कुणाच्या घरी गेले की माणसाआधी ते त्याची वळचण पाहत. मेडशीला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरलेला, आणि नवरदेवाचा मामा म्हणून ज्यांनी मागे उभं राहायचं ते भासरे जागेवर नाहीत. शोधाशोध झाली तेव्हा ते वधूपित्याच्या घराला शिडी लावून पन्हळीतून निंबाची पानं काढत होते. वरून त्यांनी अक्षता टाकल्या, त्यात थोडा पाला आला, एवढंच. पुढे एका मयताच्या घरी आम्ही बसायला गेलो. बाया रडत होत्या, पुरुष माना खाली घालून होते, आणि भासऱ्यांनी मयताच्या मुलाचा हात हातात घेऊन म्हटलं, "बाप गेला तो गेला. पण वळचणीचं पानी भिताडाच्या पायात मुरून राह्यलं, ते पाह्य." मुलगा आधी चिडला. दिवाळीनंतर त्याची ती भिंत बसली, तेव्हापासून तो भासऱ्यांना पाहिलं की रस्ता बदलू लागला.

शिकवणंही त्याच जातीचं. गणितात हौद भरायचा तो पन्हळीतूनच. इतिहासात गड पडले ते फितुरीने पडले असं पुस्तक म्हणे, पण भासरे मुलांना दटावून सांगत की आत पाणी तुंबल्याशिवाय एकही गड पडत नाही, फितूर नंतर येतो. तपासणीच्या वेळी एका मुलाने हेच उत्तर दिलं आणि तपासणाऱ्याने ते बराच वेळ विचार करून बरोबर धरलं.

दुष्काळाच्या साली तर कमाल झाली. आभाळात ढगाचं चिरगूट नाही, निम्मं गाव खडी फोडायला गेलेलं, आणि भासरे दर शनिवारी शिडी लावून कोरडीठाक पन्हळ झाडतायत. सुखदेव खाली शिडी धरून उभा.

"गुर्जी, पानीच नाही तं पन्हळ कायले झाडता?"

"पानी आल्यावर झाडत असते का रे? पाहुना दारात आल्यावर घर सारवते का तुही बायको?"

"सारवते नं," सुखदेव म्हणाला.

ही पन्हळ मिळाली कशी, तेही सांगण्यासारखं आहे. शाळा बांधली तेव्हा पन्हळ पुढल्या साली लावू असं ठरलं होतं, आणि पुढलं साल येत नाही ही सरकारी कामातली सोयीची गोष्ट आहे. भासऱ्यांनी इतके हेलपाटे घातले की शेवटी त्यांना टाळण्यासाठी कुणीतरी पन्हळ पाठवून दिली. ती ठेवायला लागणाऱ्या लोखंडी पट्ट्या मात्र आल्या नाहीत. पट्ट्या यायला इतका काळ लागला, की तोवर पन्हळीत गावच्या कुत्रीची दोन बाळंतपणं झाली. मग ऐन उन्हाळ्यात एक ओव्हरसियर आले आणि त्यांनी पन्हळ चढवली. तिचं उद्घाटन करायला सभापती आले, कडक इस्त्रीत. पाऊस नव्हता, म्हणून सुखदेवने छपरावरून बादलीभर पाणी ओतायचं ठरलं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, पाणी ओतलं. ते पन्हळीत पडलं, जरा घुटमळलं, बाहेरच्या तोंडाकडे जायचं सोडून उलट वळलं आणि मधल्या जोडातून थेट सभापतींच्या टोपीवर आलं.

"उतार दिला आहे साहेब," ओव्हरसियर म्हणाले. "फक्त तो आतल्या बाजूला आहे."

सभापतींनी टोपी पिळली. "मंग उद्घाटन पन्हळीचं झालं का माह्यं?"

उतार सरळ करायला पुन्हा कुणी येणार नव्हतं. भासऱ्यांनी बाभळीच्या खुंट्या तासल्या, तार आणली, डांबर तापवलं आणि पन्हळ हवी तशी तिरकी केली. रोहिणीत आमच्याकडे जो वारा-वावधन सुटतो तो दर साली ती एखाद्या बाजूने उचकटून टाकी, आणि भासरे ती पुन्हा बसवत. एकदा वाऱ्याने ती शेजारच्या तुरीच्या शेतात नेऊन टाकली. भासऱ्यांनी आणि सुखदेवने ती खांद्यावरून वाजत-गाजत परत आणली. लोक हसत. मीही हसे, पदराआड.

हसायचं थांबलं ते शिक्षण खात्याचे नवे साहेब आल्यावर. साहेबांचं म्हणणं असं, की लहान गावांतले वरचे वर्ग मोठ्या गावाला जोडावेत, आणि जी इमारत पावसात टिकत नाही तिच्यापासून सुरुवात करावी. आमची पाचवी ते सातवी मेडशीला जाणार. "पावसाळ्यात स्वतः येऊन पाहतो, गळली तर हलवतो," असं सांगून ते गेले. कागदावर मेडशी जवळच होतं. कागदावर मधला नाला नव्हता.

सातवीत माझ्या पुढे मुली बसत. त्यांतल्या पहिल्या बाकावरच्या पंचफुलाची आई मजुरीवरून येता येता एक दिवस शाळेच्या कुंपणाशी थांबली.

"बाई, सातवी मेडशीले गेली तं माही पंचफुला घरी बसंन. नाल्यातून पोरीले कोन धाडते? तिचा बाप तं वाटच पाहून राह्यला. पाहुने बी पाहून ठेवले त्यानं."

"माझ्या हातात नाही ते."

"मंग गुर्जीले सांगा."

"त्यांच्याशी मी बोलत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी शिकले-सवरले लोक, अन् असे?" असं म्हणून ती डोक्यावरची मोळी सावरत निघून गेली. मला राग आला, आणि मी कुंपणाचं फाटक जरा जोरातच लावलं.

साहेब आषाढात जीपने आले. भासऱ्यांनी आदल्याच दिवशी पन्हळ लख्ख केली होती. सकाळी कोरडं होतं. साहेब सातवीत शिरले आणि तेवढ्यात पश्चिमेकडून काळं आलं, वारा सुटला, अंगणातला निंब पिळवटून निघाला आणि पत्र्यावर असा पाऊस पडू लागला की मी फळ्याजवळ काय बोलते ते पुढच्या बाकालाही ऐकू जाईना. साहेब वर पाहत होते, मुली साहेबांकडे पाहत होत्या. फळ्याच्या वर, भिंत आणि पत्रा जिथे मिळतो तिथून, पाण्याची एक धार उतरली. मग तिच्या शेजारी दुसरी. साहेबांनी पेन काढलं.

साहेबांमागे उभे असलेले भासरे बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं, तर धोतर खोचून ते एकटेच शिडी चढत होते. सुखदेव साहेबांच्या ड्रायव्हरबरोबर नाला पाहायला गेलेला. ओल्या मातीत शिडी सरकत होती. मी बाहेर धावले आणि शिडी धरली. पदर कधीच वाऱ्याने नेला होता. खालून मला स्पष्ट दिसत होतं, की निंबाकडच्या टोकाला मोडलेली डहाळी पन्हळीत आडवी पडली आहे, तिथेच पाणी तुंबून पत्र्याखाली शिरतंय, आणि भासरे मात्र दुसऱ्या टोकाला सराटा चालवतायत, कारण पन्हळ दर साली तिथेच तुंबते. सांगायचं तर सुखदेव नाही. आणि हाक काय मारायची हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, इतक्या वर्षांत कधी गरजच पडली नव्हती.

"अहो गुरुजी," मी ओरडले, "तिकडं नाही. निंबाकडं पाहा. डहाळी अडकली आहे."

भासरे होते तसे थिजले. सराटा हातात, तोंडावर पाऊस. त्यांनी खाली पाहिलं नाही. समोरच्या पत्र्याकडे तोंड करून ते मोठ्यांदा म्हणाले, "सुखदेव, बाईले सांग, आयकू आलं."

सुखदेव तेव्हा अर्ध्या कोसावर होता.

मग ते ओणवे होऊन पत्र्यावरून निंबाच्या टोकापर्यंत गेले आणि डहाळी उपसून फेकली. तुंबलेलं पाणी असं धावलं की पन्हळ गदगदा हलली, पण सुटली नाही. मी वर्गात परतले तेव्हा धारा थांबल्या होत्या.

"भिंतीला ओल आहे," साहेब म्हणाले. "तसं लिहावं लागेल."

तेवढ्यात सुखदेव निथळत दारात आला. "सायेब, नाला चढला. जीप जात नाही."

"किती वेळ लागेल?"

"उतरते तवा उतरते."

साहेब मुलींच्या बाकावर टेकले. सगळ्या वर्गात कोरडं असं तेवढंच होतं. मग पंचफुला उभी राहिली. तिला उभं राहायला मी सांगितलं नव्हतं.

"सायेब, तुमी आता घरी कशे जासान?"

"पाणी उतरलं की जाईन."

"आमी बी मेडशीच्या शाळेत पानी उतरलं कीच जाचं का?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. दिवेलागणीपर्यंत ते तिथेच होते. जाऊबाईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी पाठवली, ती त्यांनी मागून घेऊन खाल्ली. वरचे वर्ग 'पुढील आदेशापर्यंत' इथेच ठेवावेत, असा शेरा त्यांनी लिहिल्याचं नंतर कळलं. तो पुढील आदेश अजून आलेला नाही. पट्ट्यांसारखाच तोही सावकाश येवो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पुन्हा मध्ये सुखदेव होता. फक्त दोन-तीन दिवसांनी जाऊबाई वांगी चिरता चिरता म्हणाल्या, "तुमचे भासरे जेवता जेवता म्हनत होते, धाकटीचा आवाज लय पक्का आहे. पोरीयले शिकवाले असाच पायजे." निरोप पोचवून त्यांनी वांगी पाण्यात टाकली.

गेल्या साली भासरे वारले. अखेरपर्यंत ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि तशी आमच्यात काही अडचणही नव्हती. नवे हेडमास्तर चांगले आहेत. ते थेट बोलतात, त्यामुळे कामं लवकर होतात, आणि सुखदेवला आता दुपारी झोप काढता येते. पंचफुला सातवी पास होऊन गेली. तिच्या जागेवर दुसरी बसते, तिलाही पुढचं बाक लागतं. वारा सुटला की मुली लिहायच्या थांबतात आणि वर पाहतात. पत्र्यावर कुणाची पावलं वाजत नाहीत. मी त्यांना थोडा वेळ तसंच बसू देते, मग पुढचं वाक्य सांगते.