अर्ध्या कोयत्याचा अर्ज

"ह्यो कोयता बाद," मुकादम म्हणाला आणि यादीतल्या आमच्या नावावर रेघ मारली.

कारखान्याच्या गट ऑफिसपुढं टेबल टाकलं होतं. बँकेचा माणूस सरकारी पेन्शनचे अर्ज भरून घेत होता. दर महिन्याला आपल्या खात्यातून थोडे पैसे कापू द्यायचे, साठीनंतर मरेपर्यंत पेन्शन मिळणार. सक्ती नाही. ज्याला वाटेल त्यानं भरावं. फक्त वय चाळिशीच्या आत पाहिजे.

मुकादमानं यादी केली होती ती कोयत्यावर. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. तोडायला दोघं, मोळ्या वाहायला दोघं, यादीत नाव मात्र नवऱ्याचं. माझ्या नवऱ्याचं वय चव्वेचाळीस. म्हणून सगळा कोयताच बाद.

मी मागून म्हणाले, "आबा, माजं वय बसतंय. जूनपत्तुर चाळीस न्हाईत होत."

शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांचीच जन्मतारीख एक जून लावली होती. चौथीनंतर बीडची शाळा सुटली, बापामागं ऊसतोडीला आले. शाळेनं दिलेली ती एक तारीख तेवढी सोबत आली.

मुकादम वळला. "साहेब, ऐका. ही साठीच्या गोष्टी करती." मग टोळीतल्या माणसांकडं बघून म्हणाला, "का बे, आपल्यात साठीला पोचलेलं एक तरी हाय का? दाखवा की!" आणि मला म्हणाला, "कंबर तर आत्ताच गेली तुजी. पेन्शन काय सरणावर घेनार?"

सगळे हसले. बँकेचा माणूसही हसला. नवरा मान खाली घालून हसला.

मीही हसले.

ते हसू मला अजून ऐकू येतं. बारीक, दात न दाखवता, पदर तोंडाला लावून. ते माझं नव्हतं. माझ्या आईचं होतं.

माझी आई निराधाराची पेन्शन घ्यायची. वर्षाला एकदा जिवंत असल्याचा दाखला लागायचा, आणि त्याच्यावर सही मिळायची ती याच मुकादमाच्या वडिलांच्या ओट्यावर. तेव्हा गावचे सरपंच तेच. आई पहाटे जायची. कुणी सांगितलेलं नसताना त्यांचं अंगण झाडायची, शेणानं सारवायची. दुष्काळाच्या साली गावात टँकर येत होता, तेव्हा सारवायला पाणीसुद्धा घरून डोक्यावर न्यायची. आमच्या प्यायच्या पाण्यातलं. मग ओट्याखाली उन्हात बसायची. दुपारी मालक बाहेर यायचे.

"काय गं म्हातारे, आजून हाईस व्हय?"

लोक हसायचे. आई पदर तोंडाला लावून हसायची. "हाय की मालक. तुमच्या किरपेनं."

मी शेजारी उभी असायची. मलाही ती किरपाच वाटायची.

एक साल आम्ही तोडीला होतो, आई तापानं पडलेली. तिला ओट्यावर न्यायला कुणी नव्हतं. दाखला गेला नाही, पेन्शन बंद झाली. मी फोन केला तर मालक म्हणाले, "आली न्हाई, मला वाटलं गेली." कागदावर आई मेली. खरी मेली ती चार महिन्यांनी. त्या चार महिन्यांत तिनं काय खाल्लं ते मी कधी शेजारणीला विचारलं नाही. धाडस झालं नाही.

तरी मी मुकादमाचं वाईट चिंतलं नाही. माझं दुसरं बाळंतपण फडातच अडलं तेव्हा यानंच जीप काढली होती. पोरगी वाचली, मी वाचले. हे मी विसरत नाही. विसरले असते तर बरं झालं असतं, कारण त्याच्यापुढं माझं तोंड उघडत नाही. उपकाराचं ओझं मोळीसारखं असतं. डोक्यावर असलं की मान वर होत नाही.

त्या दिवशी दुपारी मुकादम फडात आला. बांधावर बसून नवऱ्याला म्हणाला, "तिला समजाव. वीस वरसं भरायचं म्हणजे खेळ हाय का? म्हातारपनी आमी हाव की. तिच्या आईला फुकट दिली का न्हाई आमी? मंग हिला कावून भरायचं? आमच्यावर भरोसा न्हाई?"

शेवटचं वाक्य तो हळू बोलला. लई हळू.

मुकादम गेल्यावर नवरा मला म्हणाला, "ऐक. औंदा पाऊस न्हाई. पट्टा पडला, हंगाम सपला की गावाकडं काम न्हाई, पानी इकत. उन्हाळ्यात खात्यात काय ठिवशील? आन पुढल्या साली यानं आपला कोयताच न्हाई लावला तर?"

तो खोटं बोलत नव्हता. खात्यात पैसे नसले तर दंड बसतो हे मीही ऐकलं होतं. वीस वर्षं. माझी कंबर सकाळी उठताना धरावी लागते. खरंच पोचले नाही तर? मी उसाच्या पाचटावर बसले.

मग आईचं ते हसणं आठवलं. फुकटची पेन्शन. अंगण सारवून, उन्हात बसून, "आजून हाईस व्हय" ऐकून मिळालेली. आणि एक सही चुकली की माणूस मेलेलं.

मी कोयता खाली ठेवला. पायात पाचट, हाताला उसाचा चिकटा, तशीच गट ऑफिसपुढं गेले. टेबल आवरत होते. मुकादम खुर्चीवर होता.

बँकेच्या माणसाला म्हणाले, "साहेब, माजा अर्ज भरा."

"नवऱ्याला विचारलं का?"

"अर्ज माजा हाय."

मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता आलाय बघा साहेब."

कुणी हसलं नाही. का ते माहीत नाही. मी हसले नाही म्हणून असेल. मी त्याच्याकडं बघत राहिले. अंगठा लावला नाही. चौथीतल्या अक्षरात सही केली. वाकडी. माझी.

दुसऱ्या दिवशी ऊस न्यायला ट्रॅक्टर सगळ्यांच्या रांगेत आला, आमच्या आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आमच्या मोळ्या उन्हात वाळत पडल्या, वजन उतरत गेलं, तशी मजुरीही. मुकादम बांधावरून जाताना काही बोलला नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर एवढी भीती वाटली नसती. आता पट्टा पडायला आला आहे. पुढच्या सालच्या कोयत्यांची नावं घेणं सुरू झालं. आम्हाला अजून विचारलेलं नाही.

मला भीती वाटते. रोज वाटते. भीत भीत भरीन. गावात काम नसलं तर दुसऱ्याची धुणी धुऊन भरीन. दुसरा मुकादम बघीन, दुसरा कारखाना बघीन. त्यानं जीप काढली त्याचं देणं मी त्याच्या फडात राबून फेडलं. म्हातारपण त्याच्या ओट्याला देणार नाही. कुणाचं अंगण सारवणार नाही. जिवंत आहे हे कुणाच्या तोंडून ऐकायला उन्हात बसणार नाही.

साठीला पोचलेलं एक तरी दाखवा, म्हणाला होता.

दाखवते.