मामांचं वाटोळं

जगावर जी संकटे कोसळायची अजून राहिली आहेत, ती माझ्या धाकट्या मामांनी जन्मभर त्यांची नावे घ्यायचे टाळले म्हणूनच राहिली आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. जुन्या वळणाच्या घरांत काही शब्द जपून वापरतातच. बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणतात, करंड्यातले कुंकू संपले तरी ते 'वाढले' म्हणतात, आणि निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात. बाकीच्यांचे एवढ्यावर भागते. मामांचे भागत नसे. त्यांच्या मते प्रत्येक घराच्या आढ्यावर एक वास्तुपुरुष बसलेला असतो, 'तथास्तु' म्हणण्यापलीकडे त्याला दुसरा उद्योग नसतो, आणि तो नेमका वाईट शब्दालाच कान देतो. म्हणून मामांच्या बोलण्यात पाऊस कधी पडत नसे, उतरे, भाव कधी बसत नसे, विसावे, आणि कुणी 'कसे आहात' म्हणून विचारले, की अंगात ताप असला तरी घाबऱ्या डोळ्यांनी वर बघत ते म्हणत, "बठ्ठं चांगलं शे." सगळे चांगले आहे, हे आमच्या बोलीतले वाक्य ते जितक्या वेळा म्हणत, तितकी ऐकणाऱ्याची छाती जास्त धडधडे.

मामा धुळ्याला कापसाच्या गाठींवर व्यापाऱ्यांच्या खुणा रंगवत. हात असा, की कुंचला एकदा टेकला की गोल पुरा होऊनच उचलला जाई. पण एका शेटजींची खूण होती त्रिकोण, आणि तीन हा आकडा मामांना सोसत नसे. ताटात तीन भाकऱ्या पडल्या तर चौथीचा तुकडा तरी शेजारी लागेच. त्यांनी शेटजींच्या प्रत्येक त्रिकोणाच्या पोटात एक ठिपका दिला. तीन कोन आणि एक ठिपका, झाले चार. मुंबईच्या दलालाने तो माल भलत्याच कुणाचा समजून बाजूला टाकून ठेवला. शेटजी तापले तेव्हा मामा म्हणाले, "पन माल सुखरूप शे ना?" माल सुखरूप होता. मामांची नोकरी मात्र वाढली.

त्यातच धुळ्याला प्लेग आला, म्हणून मामा आमच्याकडे भडगावला आले. आगगाडीत आणि पुढे बैलगाडीत त्यांनी एकदाही त्या रोगाचे नाव काढले नाही, तरी थोड्याच दिवसांत भडगावातही उंदीर पडू लागले. पहिला आमच्याच परसात पडला. मामा माझ्या मायला हळूच म्हणाले, "अक्का, गनपतीनं वाहन निजेल शे." मायने तोंडाला पदर लावला. सगळे गाव शेतांत राहायला निघाले, तसे आम्हीही गिरणेकाठच्या आमच्या शेतात झोपडी घातली. रोज सकाळी माय माझ्या आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या, काशीच्या, काखेत गाठ आली आहे का ते चाचपून बघे. त्या वेळी मामा आमच्याकडे पाठ करून नदीकडे तोंड करून उभे राहत आणि मायने "काही नही" म्हटल्यावरच वळत. आधीच्या एका प्लेगात आमच्या मामी गेल्या होत्या. माहेरी निघताना गडबडीत त्या 'येते'च्या ऐवजी 'जाते' म्हणाल्या होत्या, एवढेच मायने मला एकदा सांगितले.

शाळा अर्थातच बंद होती. काशी पहिलीत होती आणि तिला शाळेचे वेड होते. आमच्या वडिलांना सारे गाव भाऊ म्हणे, आम्हीही भाऊच म्हणत असू. भाऊ स्वभावाने वाईट नव्हते, पण मुलीच्या शिक्षणात एका इयत्तेसाठी दोन वर्षे घालवणे त्यांना पटत नव्हते. एकदा जेवताना ते म्हणाले, "शाळा उघडनी का बाई परीक्षा लेतीन. दुसरीमा घेतं तर शिकू दे. पुन्हा पहिलीमाच बसाडं तर पोर घर राही, मायले हात देई." काशी भाकरी हातात धरून मामांकडे बघत राहिली. मामा छपराकडे बघत म्हणाले, "मी शिकाडस तिले. बठ्ठं चांगलं शे."

"सारखं वर काय देखतस?" भाऊ म्हणाले. "झोपडीले कसाना वास्तुपुरुष?"

"त्याले बी गाव सोडनं पडनं व्हई," मामा म्हणाले. "कोठे जाई तो? आपलाच संगे उना."

वाचन आणि अंक मामांनी पाटीवर घोटून घेतले, पण त्यांचा खरा जीव रमला तो आकारांत. गिरणेची चिकणमाती, ज्वारीची चिपाडे, सरकी, हळद, गेरू आणि चुना एवढ्या भांडवलावर त्यांनी आमची झोपडी भरून टाकली. शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर काशी चुन्याने आकार काढी, मग सरकीचे दाणे ओल्या मातीत रोवून तेच आकार पुन्हा मांडी, आणि चिपाडे खोचून त्यांच्या गाड्या करी. कात्रीला मात्र बंदी होती, कारण कात्री नुसती वाजली तरी घरात भांडण होते. कागद नखाने दुमडून फाडायचा, आणि त्यालाही फाडायचा म्हणायचे नाही, उलगडायचा म्हणायचे. काशीने केलेल्या मातीच्या बैलाचा एकदा पाय मोडला. मामा लगबगीने म्हणाले, "पाय वाढना, पोरी, पाय वाढना." काशीने बैल उलटा करून पाहिला आणि विचारले, "वाढना तर मंग तीनच कसा?" मामांनी घाईघाईने त्याला चिपाडाचा चौथा पाय बसवला, नाहीतर तो तीन पायांचा बैल रात्रभर त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला असता.

आकारांची नावेही मामांनी शुभ तेवढीच ठेवली होती. चौकोन म्हणजे पाट. तिरपा चौकोन म्हणजे शंकरपाळा. अर्धा हा शब्द नको, म्हणून अर्धगोल म्हणजे करंजी. त्रिकोण म्हणजे शिंगाडा, पोटात ठिपक्यासकट. आता उरला गोल. त्याला आपल्या मराठीत, शाळेच्या पुस्तकातसुद्धा, जो साधा शब्द आहे तो वाटोळं. हा शब्द काशीने पहिल्या दिवशी उच्चारला तेव्हा मामांच्या हातातली चुन्याची वाटी खाली आली. सगळा गाव उघड्यावर पडलेला, घरोघर माणसे दगावताहेत, आणि पोरगी म्हणते वाटोळं करू. त्यांनी तिला बजावले, की हा शब्द कानावर आला तर हातातले काम खाली ठेवायचे, कान झाकायचे आणि वर बघून 'बठ्ठं चांगलं शे' म्हणायचे. गोलाचे नाव त्यांनी ठेवले मांडा. पुरणाचे मांडे खापरावर भाजताना आम्ही पाहिले होते, त्यामुळे अडचण आली नाही. फक्त भाकरी-चटणीच्या त्या दिवसांत आमची भूमिती ऐकून पोटात कावळे ओरडत.

थंडी सरली, प्लेग ओसरला, आम्ही गावात परतलो आणि शाळा उघडली. परीक्षेच्या सकाळी मामा काशीपेक्षा जास्त घाबरलेले होते. भाऊ शाळेच्या ओट्यावर बसले, मामा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि मी त्यांच्या मागे. बाई पुण्याकडच्या होत्या. करारी, पण प्रेमळ. काशीने धडा खडखडीत वाचला. अंक लिहिले. शून्याला ती मामांच्या शिकवणीप्रमाणे 'पूज्य' म्हणाली, तेव्हा बाई हसल्या, म्हणाल्या, "माझे आजोबाही असंच म्हणत." चौकोन झाला. त्रिकोणाच्या पोटात ठिपका का, असे त्यांनी विचारले, तर काशी म्हणाली, "तो चौथा शे." बाईंनी भुवया उंचावल्या, पण पुढे गेल्या.

"शाब्बास. आता एक वाटोळं काढ पाहू."

काशीने पेन्सिल खाली ठेवली, दोन्ही कान झाकले आणि वर बघून म्हणाली, "बठ्ठं चांगलं शे."

बाईंना वाटले, पोरीला समजले नाही. त्या जवळ येऊन मायेने समजावू लागल्या. "सोपं आहे गं. सूर्याचं बिंब कसं असतं? वाटोळं. चांदोबाचं? वाटोळं. आणि तुझ्या आईच्या कपाळावरचं कुंकू? वाटोळं."

काशीने भोकाड पसरले. बाई गोंधळल्या. ओट्यावर भाऊ उठून उभे राहिले आणि त्यांनी पागोटे सारखे केले. घरी निघायच्या आधी ते नेहमी तसे करत. मला ते दिसले, मामांनाही दिसले. त्यांनी शाळेच्या आढ्याकडे एकदा बघितले, मग मान खाली घातली आणि आत गेले.

"काशे, बाई सांगतस ते काढ."

"मामा, ते?" काशी रडता रडता म्हणाली.

"हा, तेच. वाटोयं काढ." स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, प्रत्येक शब्द आढ्यापर्यंत पोचेल असा मामा बोलले. "मन्हं काढ. मन्हं वाटोयं काढ, पोरी. दुसरा कोनंच नही."

काशीने डोळे पुसले, पेन्सिल टेकवली आणि पाटीवर एका झटक्यात गोल काढला. मामा गाठींवर काढत तसाच. मग तिने थोडा विचार केला आणि त्यात दोन डोळे आणि झुबकेदार मिशा काढल्या. बाईंनी पाटीकडे पाहिले, मामांकडे पाहिले आणि तोंडावर पदर धरला. पाटी दाखवायला त्यांनी भाऊंना आत बोलावले. "दुसरीत बसवते हिला," त्या म्हणाल्या. भाऊंनी पाटी उचलून मामांच्या तोंडाजवळ धरून पाहिली. मग म्हणाले, "मिशा बराबर शेतस." मामांचे मात्र कशाकडेच लक्ष नव्हते. ते आढ्याकडे डोळे लावून, काय कोसळते याची वाट बघत होते.

काहीच कोसळले नाही. पण त्या दिवसापासून मामा आपले वाटोळे व्हायची वाट बघत राहिले. धुळ्याला त्यांना पुन्हा काम मिळाले, हा त्यांना वास्तुपुरुषाचा डाव वाटला. पुढे वहाणेचा अंगठा तुटला, चष्मा हरवला, गुडघा धरला, की आले एकदाचे आपल्यावर, अशा समाधानाने ते म्हणत, "उनं. मन्हावरच उनं. काशीवर नही ना काही?" इतक्या आनंदाने संधिवात सोसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काशी पुढे धुळ्यालाच मुलींच्या शाळेत शिकवू लागली आणि म्हातारपणी मामांना तिने आपल्याकडे नेले. तिच्या वर्गात मुली पाटीवर मांडे काढतात आणि त्या मांड्यांना मिशा असतात, असे मी पुष्कळांकडून ऐकले आहे.

मामांच्या शेवटच्या दुखण्यात मी वेळेवर पोचू शकलो नाही. काशी दारात बसली होती. मला बघून ती उठली. ओठ हलले, पण जो शब्द येऊ बघत होता तो तिने परतवला.

"मामा वाढना, दादा," ती म्हणाली.

मी सवयीने वर आढ्याकडे बघितले. का कोण जाणे, तिथे आता कुणी ऐकत बसले असेल, असे मला वाटले नाही.