न वाचता केलेली नक्कल

"पुसून टाक म्हणतो ना मी! तुझाच प्रोग्राम सांगतोय नक्कल झाली म्हणून, आता त्याच्यावरही तुझा विश्वास नाही?"

"प्रोग्राम माझा आहे म्हणूनच नाही, साहेब."

आपिया या बेटावरच्या शहरातल्या रेडिओ केंद्रातलं हे भांडण. सकारियासाहेबांचा आवाज भिंतीत मावायचा नाही आणि केलेमेतेचा दाराबाहेर यायचा नाही, म्हणून व्हरांडा झाडणाऱ्या मातालेनाला एकाचं ऐकावं लागे आणि दुसऱ्याचं ओळखावं लागे. त्या दिवशी मात्र तिचा झाडू आपोआप दाराशी येऊन थांबला, कारण आत तिच्या आईचं नाव निघालं होतं.

जुन्या कॉम्प्युटरची डिस्क खरखरायला लागली होती. सगळं पुसून ती नव्यानं मांडली तर आणखी वर्षभर चालेल, असं साहेबांचं म्हणणं. एक जूनला स्वातंत्र्याचा सोहळा होता, त्याच्या ध्वनिमुद्रणाला जागा हवी होती. पण त्या डिस्कवर चाळीस म्हाताऱ्या माणसांचे आवाज होते. त्यांत मातालेनाची आई सिउला चटई विणतानाचं गाणं गात होती. सिउला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचा दुसरा आवाज जगात कुठेच नव्हता.

केलेमेते पन्नाशीचा, सडपातळ माणूस. ऑकलंडच्या चुलतभावानं आणलेल्या एका पुस्तकाच्या झेरॉक्सवरून तो सी नावाची भाषा शिकला होता. कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. घरी तारोचे कंद सोलतानाही ती पानं त्याच्या मांडीवर असत, बायको म्हणायची, "बायबल एवढं वाचलं असतंस तर आज पाद्री असतास." आजारी डिस्कवर यंत्राची साधी नक्कल मध्येच हात टेकायची, म्हणून त्यानं स्वतःचा प्रोग्राम लिहिला. जिथं वाचता येत नाही तिथं दहादा प्रयत्न करणारा, न चिडणारा. अगदी त्याच्यासारखा. दुसरा प्रोग्राम लिहिला तो तपासायला. मूळ आणि नक्कल शेजारी घ्यायची, दोन्हींतला एकेक आकडा काढायचा, जुळतो का पाहायचा.

"तपासून झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं. सारखंच आहे म्हणतोय."

"मग देवासाठी पूस!"

"एकदा ऐकतो."

त्यानं नक्कल लावली. सिउलाचा आवाज हळू सुरू झाला, पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात वर चढला आणि तिथंच तुटला.

"संपलं," साहेब म्हणाले. "दमली असेल म्हातारी." आणि कळफलकाकडे त्यांचा हात गेला.

मातालेना झाडूसकट आत शिरली. "कोण दमली? माझी आई? सकारिया, बाळा, ती मेली तेव्हासुद्धा शेजारणीला बोलायचं वाक्य पुरं करून मेली! चटईचा काठ वळेपर्यंत ते गाणं संपत नाही. पाच कडवी आहेत. हात काढ तिथून."

साहेबांनी हात काढला. केंद्राचे साहेब असले तरी लहानपणी त्यांचं नाक तिनंच पुसलं होतं.

केलेमेतेनं मूळ लावलं. गाणं चढलं, तुटलं नाही, पुढे गेलं. पाचही कडवी. त्यानं बाकीचीही एकेक करून लावून पाहिली. चाळीसच्या चाळीस नकला अर्ध्यामुर्ध्या होत्या, आणि त्याचाच प्रोग्राम त्यांना "सारखंच" म्हणाला होता.

दुपारच्या जेवणाला तो उठला नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेच्या सुमाराला तोच व्हरांड्यात आला. "सापडलं, तिना," म्हणाला. वयस्क बायकांना तिथं सगळे तिना म्हणजे आई म्हणतात.

"काय सापडलं?"

"मी यंत्राला सांगायला विसरलो की हे लिखाण नाही. त्याला वाटलं, पत्र उतरवायचंय. आणि पत्राच्या शेवटी हे यंत्र सव्वीस आकडा ठेवतं. इथं कागद संपला, ही खूण. तुझ्या आईचा आवाज जिथं सगळ्यात वर गेला, तिथं सव्वीस आला. यंत्र म्हणालं, संपलं."

"आणि तपासणारा?"

"तोही तसाच लिहिलेला. दोघंही एकाच जागी थांबले आणि एकमेकांना शाबासकी दिली."

मातालेना हसली. मग तिचं हसू विरलं. आईचा वर गेलेला आवाज म्हणजे एक आकडा? "असे किती?" तिनं विचारलं.

"गाण्यात? दहा लाखांवर."

"आणि तू सगळे नेणार? एकेक?"

"एकेक. आता यंत्राला सांगितलंय, काही वाचू नकोस, अर्थ लावू नकोस. जसं आहे तसं उचल आणि ठेव."

"म्हणजे माझ्यासारख्या अडाणी बाईचं काम," ती म्हणाली. पण पायरीवर बसूनच राहिली. बारीक चटईचे धागे मोजताना तिचे स्वतःचे डोळे पाचशेला शिणत. इथं दहा लाख, आणि एकही सांडायचा नाही. चर्चमध्ये मान खाली जाते तशी तिची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी नव्यानं नकला झाल्या, मूळ आणि नक्कल दोन्हींची लांबी आधी मोजून मग तपासल्या, आणि केलेमेतेनं साहेबांना जुनी डिस्क पुसू दिली.

तेव्हापासून शुक्रवारचा नेम पडला. त्या आठवड्याचे आवाज नव्या डिस्कवर उतरवायचे आणि समोरच्या सवाई बेटाच्या बोटीनं पलीकडे न्यायचे. वादळ दोन्ही बेटांना एकदम गिळणार नाही, हा हिशेब. प्रत्येक डिस्कवर सिउलाचं गाणं पहिलं असे, परीक्षेपुरतं. अकरा वर्षं एकही शुक्रवार चुकला नाही. छातीत कळ येऊन केलेमेते एका सोमवारी वारला, त्याच्या आधीचा शुक्रवारही नाही.

त्या शुक्रवारी त्यानं तपासणारा प्रोग्राम चालवला. "सारखंच" आलं. त्यानं गाणं लावलं आणि व्हरांड्याकडे मान वळवली. पाचवं कडवं सरेपर्यंत मातालेनाचा झाडू थांबलेला होता.

"संपलं का, तिना?"

"संपलं."

मग त्यानं डिस्क बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, तिनं विणलेला चटईचा तुकडा वरून दाबला, झाकण लावून हातानं दोनदा ठोकलं आणि डबा मांडीवर घेऊन धक्क्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसला.